रानात ज्वारी, दुकानात गहू

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 साली झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या परिशिष्टात तीन दर लिहिलेले होते. तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये किलो आणि भरड धान्य 1 रुपया किलो. महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2014 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि राज्यातली सुमारे सात कोटी माणसं या कायद्याची हक्कदार ठरली. त्यांतल्या बहुतेकांनी 3 रुपयांचा तांदूळ पाहिला, 2 रुपयांचा गहू पाहिला. 1 रुपयाची ज्वारी मात्र कायद्याच्या कागदावरच राहिली. मध्येच कधी एखाद्या जिल्ह्यात महिना-दोन महिने ती दुकानात आली, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी झाली. जे नेहमी मिळायला हवं ते आलं की बातमी होते, यातच सगळं आलं.

स्थानिक अन्नोत्पादन आणि अन्नसुरक्षा हा विषय मांडताना महाराष्ट्रात तरी सुरुवात ज्वारीपासून करावी लागते. देशाच्या अन्नधोरणाचे गुण आणि दोष दोन्ही या एका पिकाच्या नशिबात सापडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं उदाहरण घ्या. खोल काळी जमीन, पाऊस बेताचा, विहिरीला पाणी असेलच असं नाही. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवून ओल धरायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा. पुढे वरून पाण्याचा थेंब नाही पडला तरी जमिनीतल्या ओलीवर तो येतो. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. शेजारच्या मोहोळ केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेला ‘एम 35-1’ हा वाण जवळजवळ शतकभर शेतकऱ्यांनी सोडलेला नाही. आणि याच तालुक्यातल्या रेशन दुकानात पोत्यांतून येतो तो शेकडो मैलांवरून आलेला गहू. ज्या बाईच्या अंगणात शाळूची रास पडते, तीच यंत्रावर अंगठा ठेवून तो गहू घेऊन घरी येते. तिची त्याबद्दल तक्रार असते असं नाही. गव्हाच्या चपात्या पोरं आवडीने खातात, आणि फुकट मिळतं ते कोण नाकारील? प्रश्न तिच्या आवडीनिवडीचा नाहीच. सरकार जे धान्य विकत घेऊन वाटतं, तेच पीक रानात टिकतं, आणि जे घेत नाही ते हळूहळू मागे हटतं. या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढच्या प्रकरणांतले तपशील याच धाग्याने वाचावेत.

मंगळवेढ्याचं नाव निघालं की दामाजीपंतांची आठवण व्हायचीच. दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुलं करणारा हा अंमलदार संत म्हणून पूजला गेला, आणि बादशहाच्या खजिन्यात धान्याचे पैसे भरायला विठोबा महाराच्या रूपात गेला, असं कथा सांगते. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर कोठार तिथलं, धान्य तिथलं आणि खाणारे तिथलेच. हिशेबाची भानगड मात्र तेव्हाही वरच्या दरबाराशीच होती.

आजची व्यवस्था अशी का झाली हे समजून घ्यायचं तर तिचा जन्म पाहावा लागतो. रेशनिंग हे मूळचं शहराचं. 1943 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत असताना मुंबईत शिधावाटप सुरू झालं. गिरण्या चालू राहायला हव्या होत्या, गोदीतली कामं थांबून चालणार नव्हतं, म्हणून शहराला खाऊ घालायचं. खेड्याने स्वतःचं बघावं, हे तेव्हा गृहीतच होतं. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं हेच चाललं. 1956 च्या करारानंतर अमेरिकेचा ‘पीएल 480’ या अन्नमदत कायद्याखालचा गहू बंदरांत उतरू लागला आणि तिथून शहरांतल्या दुकानांत गेला. 1965-66 आणि 1966-67 अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला, तेव्हा देश किती परस्वाधीन झाला आहे हे सगळ्यांना कळून चुकलं.

त्याआधी, 1965 सालीच, भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले होते. एकाने धान्य विकत घ्यायचं, साठवायचं, हलवायचं आणि दुसऱ्याने भाव सुचवायचा. थोड्या काळात भरपूर धान्य हवं होतं. ते कुठे मिळेल? जिथे कालवे आहेत, बाजार समित्या आहेत, रेल्वेचे फाटे आहेत, तिथे. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश यांच्यावर सगळा जोर लावला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांनी तो सार्थ केला. या धोरणाला आज नावं ठेवण्याची फॅशन आहे. ‘हरितक्रांतीने वाटोळं केलं’ असं म्हणायला काही लागत नाही. पण परदेशी जहाजाची वाट बघणारा देश त्या गव्हानेच आपल्या पायावर उभा केला, हे विसरून पुढचं काही बोलू नये. तातडीच्या गरजेपोटी केलेली सोय पुढे कायमची रीत झाली, आणि कालवा नसलेल्या अर्ध्या देशाचं पीक त्या रीतीत बसेना. खोट शोधायची तर इथे शोधावी.

महाराष्ट्राने त्या काळात वेगळी वाट चोखाळून पाहिली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. साठीच्या दशकाच्या मध्यावर राज्य सरकारने ज्वारी आणि भात यांची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याला मज्जाव, धान्य सरकारलाच घालायचं आणि सरकारने ते रास्त भावाच्या दुकानांतून विकायचं. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली, ती याच सुमारास. ‘सीएसएच-1’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण 1964 साली आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगाव रुळला. म्हणजे वाण, खरेदी आणि वाटप हे तिन्ही धागे एका राज्यात एकाच पिकाभोवती जुळून आले होते. आज ‘स्थानिक खरेदी, स्थानिक वाटप’ म्हणून जे नव्याने सांगितलं जातं, ते इथे साठ वर्षांपूर्वी करून झालं आहे.

मग ते टिकलं का नाही? कारण ते जबरदस्तीचं होतं. सरकारी भाव बाजारापेक्षा कमी, जिल्ह्याबाहेर धान्य न्यायला बंदी, नाक्यावर पोलीस. पुढे आलेली लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीने घालायचा धान्याचा वाटा, तर शेतकऱ्याच्या तोंडी शिवीसारखी झाली. किती एकर, किती पोती, कुणाच्या नावावर किती दाखवायची याचे हिशेब तलाठ्याच्या चावडीत होत, आणि ज्याचा वशिला त्याची पोती घरात राहत. ज्याच्याकडून धान्य घ्यायचं त्यालाच गुन्हेगार समजणारी खरेदी कुठल्याही पिकाचं भलं करत नाही. स्थानिक उत्पादनाच्या नावाने गळा काढणाऱ्या प्रत्येकाने लेव्हीचं प्रकरण आधी वाचावं. पुन्हा तसंच काही करायचं नसेल, तर ते माहीत असायला हवं.

नंतर 1972 चा दुष्काळ आला. सलग तीन वर्षं पावसाने ओढ दिली आणि ज्वारीचा सारा पट्टा एकाच वेळी उजाड झाला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी दुकानांतून मिळायची. तिच्या भाकरीची चव आठवून त्या पिढीतली माणसं आजही तोंड वाकडं करतात. कामावर सुकडी वाटली जायची. पण माणसं मोठ्या प्रमाणावर भुकेने मेली नाहीत. हाताला काम आणि कामाला दाम मिळाल्याने धान्य विकत घ्यायची ताकद आली आणि धान्य त्या पैशाच्या ओढीने सीमा ओलांडून आलं, असं अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाच्या अभ्यासात दाखवलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे 1977 च्या कायद्याने पक्की झाली.

या दुष्काळाची आठवण इथे मुद्दाम करून द्यायची, कारण स्थानिकतेच्या भक्तांना तो एक प्रश्न विचारतो. ज्या वर्षी तालुक्यात काही पिकलंच नाही त्या वर्षी तालुक्याचं कोठार काय कामाचं? दुरून येणारा गहू ही अशा वेळची हमी आहे आणि ती मोडून चालणार नाही. आपत्तीतली हमी दर साली, सुकाळातही, त्याच रानाच्या ऐन पिकावर लादायची का, एवढाच वाद आहे.

पुढच्या पन्नास वर्षांत ज्वारीचं काय झालं ते आकड्यांत पटकन सांगता येतं. राज्य स्थापन झालं तेव्हा ज्वारी साठ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर होती. आता ती वीस लाखांच्या खाली आली आहे. सोयाबीन तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. आता ते पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास आहे. पहिला फटका खरिपाला बसला. संकरित ज्वारी लवकर तयार होते, ऐन दाणा भरून पक्व होताना परतीचा पाऊस गाठतो, कणसावर बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. काळ्या ज्वारीला ना घरात मान ना बाजारात भाव. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, रोख पैसा देतं आणि त्याला तेल गिरण्यांचं गिऱ्हाईक कायम उभं असतं. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या शेतकऱ्याने घरची ज्वारी सोडली, ती काही आळसाने नव्हे.

रब्बीचा शाळू टिकून आहे, पण तोही कष्टाच्या बळावर. तो कापत नाहीत, उपटतात. माघ-फाल्गुनात पहाटेच्या गारव्यात माणसं पात धरतात, दोन्ही हातांनी ताट मुळासकट ओढतात, मातीचं ढेकूळ पायावर आपटून झाडतात आणि मागे आडवं टाकत पुढे सरकतात. ऊन चढलं की पानं हाताला कापतात. मग कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, पाचुंदे मोजायचे, गंज रचायची. या कामाला हल्ली माणूस मिळत नाही, मिळाला तर अंगावरच काम मागतो. ताट मोडणार नाही, कडबा तुडवला जाणार नाही आणि छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं काढणीचं यंत्र ही या पिकाची किती वर्षांची मागणी आहे! बियाण्याच्या मिनिकिटांचे कार्यक्रम दर वर्षी होतात, फोटो निघतात. यंत्राकडे मात्र तेवढं लक्ष गेलेलं दिसत नाही.

कडब्याचंही तेच. दाणा निम्मा आणि कडबा निम्मा, असा या पिकाचा घरगुती ताळेबंद असतो. दुष्काळी साली तर दाण्यापेक्षा कडबाच संसार सावरतो. दुधाच्या धंद्यावर उभ्या असलेल्या घरात ज्वारी पेरायची की नाही हे बऱ्याचदा दावणीला जनावरं किती यावर ठरतं. हमीभाव मात्र दाण्याचा, आणि अन्नसुरक्षेच्या आराखड्यात वैरणीला जागा नाही, कारण वैरण पशुसंवर्धन खात्याचा विषय! शेतकऱ्याच्या घरात जी गोष्ट एक आहे तिचे मंत्रालयात तीन मजले होतात.

आता खरेदीकडे येऊ. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला. 2018-19 मध्ये संकरित ज्वारीचा भाव एकदम 1700 वरून 2430 वर नेला गेला, तेव्हापासून जाहीर होणारे आकडे वाईट नाहीत. पण भाव जाहीर करणं वेगळं आणि त्या भावाने माल घेणारा माणूस काट्यापाशी उभा करणं वेगळं. भरड धान्याची खरेदी करायची तर राज्याने आधी केंद्राकडे आराखडा पाठवायचा, किती खरेदी करायची ते मंजूर करून घ्यायचं, पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळाने केंद्रं उघडायची आणि घेतलेलं धान्य ठरलेल्या मुदतीत राज्यातच वाटून संपवायचं. ही मुदत आधी फारच तोकडी होती. 2021 च्या डिसेंबरात ती ज्वारीला नऊ आणि नाचणीला दहा महिने झाली, हे चांगलं झालं. तरी प्रत्यक्षात काय होतं? शेतकऱ्याने सातबारा, पीक पाहणीची नोंद, आधार, बँकेचं पासबुक घेऊन नोंदणी करायची आणि निरोपाची वाट बघायची. केंद्र उघडतं तेव्हा बारदाना नसतो. बारदाना आला की गोदाम भरलेलं असतं. ग्रेडर मूठभर दाणे तळहातावर घेतो, डागी दाणे बाजूला करतो आणि मान हलवतो. ज्याला पोराच्या फीसाठी आजच पैसे हवेत तो शेजारच्या आडत्याकडे जातो, हमाली-तोलाई कापून जे येईल ते घेतो आणि पुढच्या वर्षी रानात दुसरं काहीतरी पेरतो.

याच सोलापूर जिल्ह्यात ऊसही आहे आणि डझनावारी साखर कारखानेही आहेत. पाण्याचा दुष्काळ आणि उसाचा सुकाळ एकाच जिल्ह्यात कसा, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने बांधलेला आहे, तो कारखान्याला द्यावाच लागतो, थकला तर मोर्चे निघतात, गव्हाणीत उड्या पडतात, सरकारं हलतात. ज्वारीचा भाव पडला म्हणून कधी रस्ता अडलेला ऐकलाय? शेतकरी पाणी पाहून पेरतो हे अर्धंच खरं आहे. तो घेणारा पाहून पेरतो.

राज्याने ज्वारीला गिऱ्हाईक शोधलं नाही असंही नाही. 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे अनुदान देण्याचं धोरण आलं. काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, असं त्याचं समर्थन होतं. पुढाऱ्यांच्या नावांचे परवाने बाहेर आले, अभय बंग यांच्यासारख्यांनी आवाज उठवला आणि बराच गदारोळ झाला. पावसात भिजलेली ज्वारी कोंबडीखाद्याला जावी की दारूला, यावर मतभेद होऊ शकतात. पण अनुदान देऊन ज्वारीची मागणी उभी करता येते, हे तेव्हा सरकारला कुणी शिकवावं लागलं नाही, याची नोंद करून ठेवायला हवी.

शेजारी काय करतात? कर्नाटकाने दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनमधून देण्याची पद्धत बसवली आणि गरज पडली तेव्हा हमीभावावर राज्याचा बोनस दिला. विजापूर-कलबुर्गीची जमीन आणि सोलापूरची जमीन यांत सीमेच्या पाटीपलीकडे काही फरक नाही. तरी एकीकडे सरकार ज्वारीचं गिऱ्हाईक आहे आणि दुसरीकडे नाही. ओडिशाने 2017 मध्ये आदिवासी जिल्ह्यांत भरड धान्याची मोहीम सुरू केली. तिथे सुरुवात पेरणीपासून नव्हे, ताटापासून झाली. आधी लोक घरात काय खातात ते पाहिलं, बचत गटांना दळण-साफसफाईची यंत्रं दिली, आदिवासी सहकारी महामंडळामार्फत मंडिया म्हणजे नाचणी विकत घेतली आणि ती रेशनमध्ये, तर काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या लाडवांत घातली. पहिल्या खरेदीत काही हजार क्विंटल आलेली नाचणी पुढे काही लाखांवर गेली. आपल्याकडे नंदुरबार, पालघर, मेळघाट, गडचिरोली इथल्या कुपोषणावर अहवालांच्या थप्प्या आहेत. त्याच डोंगरांत नाचणी, वरई, कोदो पिकतं आणि त्याच अंगणवाड्यांत बाहेरून पाकिटं येतात.

शाळेच्या खिचडीचीही तीच गोष्ट. 1995 मध्ये महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायला सुरुवात झाली, सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं, पण धान्य अन्न महामंडळाचंच राहिलं. आणि ‘आनंदाचा शिधा’? 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल. करडई, शेंगदाणा, जवस पिकवणाऱ्या राज्याने सणाच्या पिशवीत समुद्रापलीकडचं तेल घातलं. स्वस्त पडतं, हे मान्य. पण मग स्वावलंबनाची भाषणं त्याच व्यासपीठावरून करू नयेत.

2018 मध्ये केंद्राने ‘भरड धान्य’ हे नाव बदलून ‘पौष्टिक तृणधान्य’ केलं, 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी या धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, नंतर ‘श्रीअन्न’ आलं. महोत्सव झाले, बिस्किटं निघाली. मधुमेहाच्या धास्तीने शहरं भाकरीकडे वळली आणि त्याच वर्षी चांगला शाळू गव्हापेक्षा महाग झाला. गरिबाचं धान्य श्रीमंताच्या ताटात गेलं, ही बातमी सगळ्यांनी छापली. त्यातली अडचण कमीच लोकांनी पाहिली. बाजारात हमीभावापेक्षा हजार-दीड हजार जास्त मिळत असतील तर सरकारी काट्यावर कोण येईल? आणि उद्या भाव पडले तर केंद्र उघडलेलं असेल का? जानेवारी 2023 पासून रेशनचं धान्य मोफत झालं, तेव्हा 1 रुपयाच्या त्या तरतुदीत शिल्लक काय उरलं?

या प्रश्नांची तयार उत्तरं या पुस्तकात नाहीत, सुचवणी आहेत आणि त्यांत लेखकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, राज्याने दर वर्षी थोडी पण ठरलेली खरेदी करावी, भाव चढा असो की पडका. कुणी म्हणतं, खरेदी नकोच, शाळूच्या एकरामागे थेट रक्कम द्या. माझा कल पहिल्याकडे आहे. थेट रक्कम शेतकऱ्याला मिळते, पण दुकानातली ज्वारी काही त्याने येत नाही, आणि मजूर, भूमिहीन यांच्या ताटापर्यंत तिला पोचवणारं दुकान हे एकच ठिकाण आहे. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात भरड धान्यासह विकेंद्रित खरेदीला प्रोत्साहन द्यावं असं लिहिलेलंच आहे. नवा कायदा करायची गरज नाही. गरज आहे ती तालुक्याच्या गोदामाची, वेळेवर येणाऱ्या बारदान्याची आणि ज्वारी हंगामाच्या आत वाटून संपवण्याच्या वेळापत्रकाची. अशा कामांना उद्घाटनाची फीत नसते, म्हणून ती मागे पडतात. वाचकाला वेळ कमी असेल तर त्याने लेव्हीचं आणि कडब्याचं अशी दोन प्रकरणं आधी वाचावीत. बाकीची नंतर वाचली तरी चालतील.